परीक्षक निवडण्याचे स्वातंत्र्य

समजा, दहावीच्या परीक्षेला बसलेल्या मुलाला उत्तरपत्रिकेबरोबर एक जादा कागद दिला आणि त्यावर छापले, "तुमची उत्तरपत्रिका कोणी तपासावी असे तुम्हाला वाटते? तीन-चार नावे सुचवा. कोणी तपासू नये असे वाटत असेल, तर तीही नावे लिहा." काय होईल? आवडत्या बाईंचे नाव पहिल्या रकान्यात जाईल आणि गणिताच्या कडक सरांचे दुसऱ्या. मग आपण सगळे पालक, इथले पीएसएलईवाले आणि तिकडचे एसएससीवाले, एका सुरात ओरडू की परीक्षा आहे की पोरखेळ?

शास्त्रीय संशोधनाच्या जगात हा कागद रोज भरला जातो. त्यात कुणाला काही वावगे वाटत नाही, आणि खरे तर वाटण्याचे कारणही नाही. पण त्या कागदावर नेमके काय लिहावे, हा प्रश्न मला बरीच वर्षे साधा वाटत नाही. तोच आज वाचकांपुढे ठेवतो.

ज्यांचा ह्या व्यवसायाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. संशोधकाने दोन-तीन वर्षे खपून काही शोधले की तो त्यावर निबंध लिहितो. आम्ही त्याला नुसते 'पेपर' म्हणतो. आकृत्या, तक्ते, संदर्भ, शब्दमर्यादा हे सगळे जर्नलच्या नियमांत बसवायचे, सर्व सहलेखकांची संमती घ्यायची, हाच पेपर दुसरीकडे पाठवलेला नाही असे लिहून द्यायचे, कुणाकडून पैसे घेतले असतील तर ते सांगायचे. संपादकाला एक पत्र लिहायचे, त्यात आपल्या कामाचे महत्त्व सांगायचे, पण फुशारकी वाटणार नाही अशा बेताने. (हे पत्र लिहिणे पेपर लिहिण्याहून अवघड, असे माझे मत आहे.) संपादक आधी स्वतः चाळतो. पुष्कळ पेपर तिथूनच परत येतात. उरलेले तो त्या विषयातल्या दोन-तीन तज्ज्ञांकडे पाठवतो. हे तज्ज्ञ म्हणजे परीक्षक. त्यांचे नाव लेखकाला सहसा कळत नाही, त्यांना मोबदला सहसा मिळत नाही, आणि त्यांच्या अभिप्रायावर एखाद्याची नोकरी, बढती, कधी कधी व्हिसासुद्धा अवलंबून असतो.

आणि पेपर पाठवण्याच्या ह्या सगळ्या सोपस्कारांच्या शेवटी शेवटी तो रकाना येतो. परीक्षक म्हणून कोणाची नावे सुचवाल? कोणाला वगळावे?

हा रकाना ठेवण्यात संपादकाचा आळस नाही. विज्ञान इतके बारीक बारीक फाट्यांत वाटले गेले आहे की एखाद्या विषयातले जाणकार जगभरात पंचवीस-तीससुद्धा नसतात. ते कोण, हे लेखकालाच सर्वांत चांगले ठाऊक असते. शिवाय एखाद्या प्रतिस्पर्ध्याकडे पेपर गेला तर तो मुद्दाम अडवून ठेवील, ही भीती काल्पनिक नसते. म्हणून ही सोय. सुचवलेली नावे घेतलीच पाहिजेत असे संपादकावर बंधन नसते, तरी बऱ्याचदा त्यांतले एखादे घेतले जाते.

ह्या सोयीचा सरळसरळ गैरवापर कसा होतो, हे आता जगाला माहीत आहे. २०१२ साली दक्षिण कोरियातल्या एका संशोधकाचे बिंग फुटले. त्याने सुचवलेल्या परीक्षकांचे ई-मेल पत्ते त्याचे स्वतःचे किंवा त्याच्या ओळखीच्यांचे होते. संपादकांना संशय आला तो गमतीदार कारणाने. अभिप्राय चोवीस तासांच्या आत येत होते! ज्यांनी कधी परीक्षकाच्या उत्तराची सहा-सहा महिने वाट पाहिली आहे, त्यांना ह्यातला विनोद कळेल. २०१४ मध्ये कंपनशास्त्राच्या एका जर्नलने अशाच खोट्या परीक्षणांमुळे एकदम ६० पेपर मागे घेतले. २०१७ मध्ये कर्करोगावरच्या एका जर्नलमधले १०७ पेपर मागे घेतले गेले. त्यानंतर काही प्रकाशकांनी हा रकानाच काढून टाकला, काहींनी संस्थेचाच ई-मेल पत्ता हवा अशी अट घातली.

पण हे झाले चोरीचे. चोरीबद्दल नैतिक प्रश्न पडत नाही, उत्तर आधीच ठाऊक असते. माझा प्रश्न त्याच्या अलीकडचा आहे. पत्ते खरे, माणसे खरी, विषयातली जाणकारही. फक्त मला ठाऊक आहे की ह्या चौघांपैकी एक मवाळ आहे, दुसरा माझ्या गुरूंचा मित्र आहे, तिसरीचे पेपर मी भरपूर उद्धृत केले आहेत आणि चौथा कधी कुणाला 'नाही' म्हणत नाही. कोणताही नियम मोडलेला नाही. मग काही चुकले आहे का?

संशोधनातल्या सचोटीविषयी जगात जो जाहीरनामा सगळ्यांत जास्त उद्धृत होतो त्यांपैकी एक आपल्याच शहराच्या नावाने ओळखला जातो. जुलै २०१० मध्ये इथे दुसरी जागतिक परिषद भरली आणि ५१ देशांतल्या लोकांच्या सहभागातून 'सिंगापूर स्टेटमेंट' तयार झाले. मोजून चार तत्त्वे आणि चौदा जबाबदाऱ्या, छापले तर एका पानात मावतात. परीक्षकाने न्याय्य, वेळेवर आणि काटेकोर परीक्षण करावे, गुप्तता पाळावी, हे त्यात आहे. हितसंबंध उघड करावेत, हेही आहे. परंतु लेखकाने परीक्षक कसा मागावा, ह्याबद्दल एका पानाच्या कागदात काही असण्याची अपेक्षाही करता येणार नाही. ते ज्याचे त्याने ठरवायचे.

मला ह्या बाबतीत नेहमी आठवतात ते दामोदर धर्मानंद कोसंबी. आपल्यापैकी बहुतेकांनी त्यांचे नाव इतिहासकार म्हणून ऐकलेले असते. १९०७ साली गोव्यात जन्म, वडील पाली भाषेचे आणि बौद्ध धर्माचे थोर पंडित, शिक्षण हार्वर्डला, मग बनारस, अलीगढ, पुण्याचे फर्ग्युसन कॉलेज आणि शेवटी मुंबईची टाटा इन्स्टिट्यूट. पुण्याहून डेक्कन क्वीनने मुंबईला नोकरीला जाणारा हा माणूस पेशाने गणिती होता.

कोसंबींचा एक पेपर १९४४ सालचा आहे, अवघा चार पानांचा. एकाच गुणसूत्रावरच्या दोन जनुकांमधले अंतर कसे मोजायचे, हा त्याचा विषय. संततीत ते गुण किती वेळा एकमेकांपासून सुटे होतात ह्यावरून अंतराचा अंदाज बांधता येतो. पण सुटे होण्याची एक घटना शेजारच्या दुसऱ्या घटनेला अडथळा करते, त्यामुळे साधा हिशेब चुकतो. कोसंबींनी हा अडथळा धरून एक सुटसुटीत सूत्र दिले. पेपर त्यांनी पाठवला लंडनच्या गॉल्टन प्रयोगशाळेच्या जर्नलला. आनुवंशिकता आणि संख्याशास्त्र ह्या दोन्हींत मुरलेल्या लोकांचे ते घर होते. म्हणजे जिथे चूक असती तर तात्काळ पकडली गेली असती, अशा जागी. ऐंशी वर्षे होऊन गेली. पिकांच्या जनुकांचे नकाशे काढणाऱ्या संगणकप्रणालींत आजही 'कोसंबी' हा शब्द पर्याय म्हणून समोर येतो. तो निवडणाऱ्या कितीतरी मुलांना हा गोव्याचा माणूस होता हे माहीतही नसते.

आता त्याच माणसाचा १९५९ सालचा पेपर पाहा. रीमान नावाच्या जर्मन गणित्याने १८५९ मध्ये अविभाज्य संख्यांच्या संदर्भात एक अंदाज मांडला होता. तो गणितातला बहुधा सर्वांत प्रसिद्ध अनुत्तरित प्रश्न आहे. २००० साली अमेरिकेतल्या क्ले संस्थेने त्यावर दहा लाख डॉलरचे बक्षीस लावले आणि ते अजून कुणी नेलेले नाही. कोसंबींनी संभाव्यतेच्या मार्गाने ह्या प्रश्नावर चाल केली आणि आपला पेपर प्रसिद्ध केला तो भारतीय कृषी संख्याशास्त्र सोसायटीच्या जर्नलमध्ये. शेतीचे उत्पन्न कसे अजमावावे, नमुना-पाहणी कशी करावी, ह्या विषयांचे ते जर्नल. आपल्या जागी उत्तम आणि उपयुक्त. पण अविभाज्य संख्यांवर आयुष्य घालवलेली माणसे ते उघडत नव्हती. गणितज्ञांनी तो दावा मान्य केला नाही आणि कोसंबींच्या गणिती कीर्तीला त्यातून जो धक्का बसला तो कायमचा. १९६२ मध्ये टाटा इन्स्टिट्यूटशी त्यांचा संबंध संपला. १९६६ मध्ये ते गेले.

त्यांनी ते जर्नल का निवडले, ह्यावर मला तर्क लढवायचे नाहीत. कुणाच्या मनात शिरून निकाल देणे बरे नव्हे, आणि कोसंबी भित्रे होते असे तर त्यांचा शत्रूही म्हणणार नाही. मला फक्त परिणाम दिसतो. पहिल्या पेपरला असे परीक्षक आणि वाचक मिळाले की जे त्याला पाडू शकले असते. दुसऱ्याला तसे मिळाले नाहीत. आणि दुसऱ्या पेपरला नेमकी त्याचीच गरज होती. एखादा फटकळ, जाणकार माणूस छापण्याआधी 'अमुक पायरी टिकत नाही' असे म्हणाला असता, तर कोसंबींना तेव्हा राग आला असता, इतकेच. न समजणाऱ्याने दिलेली मान्यता ही मान्यताच नसते. तो फक्त नकाराचा अभाव असतो.

गंमत अशी, की न समजणाऱ्या परीक्षकाची काय किंमत असते हे कोसंबींना तरुणपणीच ठाऊक होते. १९३१च्या सुमारास अलीगढला त्यांचे सहकारी होते फ्रेंच गणिती आंद्रे वेल. वेल यांच्या सांगण्यावरून कोसंबींनी एक पेपर लिहिला, त्यात 'बूर्बाकी' नावाच्या एका रशियन गणित्याचा हवाला दिला आणि तो संयुक्त प्रांताच्या विज्ञान अकादमीच्या पत्रिकेत छापून आणला. असा कोणी गणिती नव्हताच! पुढे फ्रान्समधल्या गणित्यांच्या एका गटाने हेच नाव घेऊन ग्रंथच्या ग्रंथ लिहिले, ती वेगळी कथा. 

इथवर वाचून कोणी म्हणेल, की जाणकार परीक्षक म्हणजे काय देव आहे? तो मत्सरी नसतो? पूर्वग्रहदूषित नसतो? हा आक्षेप खरा आहे आणि मराठी माणसाला तर तो शिकवावा लागत नाही. तुकोबांचे अभंग रामेश्वर भट्टांच्या सांगण्यावरून इंद्रायणीत बुडवले गेले आणि तेरा दिवसांनी वर आले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. रामेश्वर भट्ट अडाणी नव्हते, विद्वान होते. चूक विद्येच्या अभावाची नव्हती. कोणाला बोलण्याचा अधिकार आहे ह्याचा निकाल त्यांनी वाचण्याआधीच लावून टाकला होता. देवळालीच्या शाळेत शिकवणारे दत्तात्रेय कापरेकर घ्या. ६१७४ ह्या संख्येचा चमत्कार त्यांनी दाखवला. शाळामास्तर, पदव्युत्तर शिक्षण नाही, म्हणून आपल्याकडच्या गणित्यांनी त्यांना फारसे जमेस धरले नाही. त्यांचे लेखन किरकोळ पत्रिकांत आणि स्वखर्चाने छापलेल्या पुस्तिकांत राहिले. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये लिहिले तेव्हा जगाला हे नाव कळले. कापरेकरांना कोणी सांगावे, की तुम्ही परीक्षक चुकीचा निवडलात? त्यांना निवड होतीच कुठे!

तेव्हा 'वगळा' हा रकाना मी अन्यायाविरुद्धचे साधन मानतो आणि तो असावा असेच म्हणेन. फक्त एक फरक करायला हवा. जो माणूस मला पाहून नकार देईल, त्याला टाळणे वेगळे. जो माझे काम पाहून नकार देईल, त्याला टाळणे वेगळे. रकान्यात दोघांची नावे सारखीच दिसतात. फरक फक्त लिहिणाऱ्याला माहीत असतो, आणि कधी कधी त्यालाही स्वतःशी कबूल करायचा नसतो.

मोठ्यांनाही हे जड जाते. १९३६ मध्ये आइनस्टाइन आणि रोझेन यांनी अमेरिकेच्या 'फिजिकल रिव्ह्यू'ला पेपर पाठवला. त्यात गुरुत्वीय लहरी नसतातच असा निष्कर्ष होता. संपादकाने तो परीक्षकाकडे पाठवला, परीक्षकाने दहा पानी हरकत घेतली. आइनस्टाइन भडकले. छापण्याआधी तो कोणा तज्ज्ञाला दाखवायला मी सांगितले नव्हते, अशा अर्थाचे पत्र लिहून त्यांनी पेपर मागे घेतला आणि दुसऱ्या जर्नलला दिला. दरम्यान तोच परीक्षक, रॉबर्टसन, प्रिन्स्टनला आइनस्टाइनच्या सहकाऱ्याला भेटला आणि आपण परीक्षक होतो हे न सांगता ती चूक त्याला दाखवून दिली. १९३७ मध्ये पेपर छापून आला तेव्हा निष्कर्ष बदललेला होता. परीक्षक कोण होता हे २००५ मध्ये उजेडात आले. त्या लहरी २०१५ मध्ये प्रत्यक्ष पकडल्या गेल्या, आणि त्या पकडणारी एक वेधशाळा आता आपल्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ उभारली जायची आहे. रॉबर्टसन मला फार आवडतात. आपले नाव न सांगता दुसऱ्याला चुकीपासून वाचवायचे, तेही त्याने अपमान केल्यावर!

ह्याच्या अगदी उलट टोक म्हणजे परीक्षकच नको असणे, आणि त्याचा बाजार आपल्याच देशात भरला. २००९ पासून पीएच.डी.चा प्रबंध देण्याआधी एक पेपर छापलेला असणे सक्तीचे झाले (२०२२ च्या नियमांत ही सक्ती गेली). २०१० पासून प्राध्यापकांच्या नेमणुका आणि बढत्या पेपरांच्या गुणांशी जोडल्या गेल्या. मग पैसे घ्या आणि आठवड्यात छापा, अशी जर्नल्स पावसाळ्यातल्या छत्र्यांसारखी उगवली. 'परीक्षित' हा शब्द मुखपृष्ठावर, आत परीक्षक नाही. २०१८ मध्ये पुणे विद्यापीठातल्या अभ्यासकांनी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीतली १००९ जर्नल्स तपासली, तर ८८ टक्क्यांहून अधिक कसोटीला उतरली नाहीत. कुठे पत्ताच नाही, कुठे संपादकांची नावे नाहीत, कुठे खोटी माहिती. त्याच वर्षी आयोगाने ४३०५ जर्नल्स यादीतून काढली. पुढे पुण्यातच नवी यादी करण्याचे काम सुरू झाले. ती यादीही आयोगाने २०२५ मध्ये बंद केली.

मला त्या तालुक्याच्या कॉलेजातल्या प्राध्यापकाचा राग करवत नाही. आठवड्याला सोळा-अठरा तास शिकवायचे, प्रयोगशाळेत नळाला पाणी नाही, आणि वर पेपर छापा. त्याने परीक्षक टाळला असे म्हणणे सोपे आहे. पण त्याच्या लेखनावर कुणीतरी गंभीरपणे रागवावे, ही संधीच त्याला व्यवस्थेने नाकारली, हे माझ्या मते अधिक वाईट आहे. परीक्षण ही शिक्षा वाटते खरी, पण ते लाभणे हा मानही असतो.

एकनाथांच्या बाबतीत अशी कथा सांगतात, की भागवताच्या एकादश स्कंधावरच्या टीकेचे पहिले पाच अध्याय त्यांनी पैठणला मराठीत लिहिले, त्याची प्रत काशीला पोचली आणि तिथले पंडित खवळले. एकनाथांना बोलावणे गेले. ते काशीला गेले, आणि नुसते उत्तर देऊन परतले नाहीत; उरलेला ग्रंथ त्याच लोकांमध्ये बसून पुरा केला. मग त्याच पंडितांनी ग्रंथाची मिरवणूक काढली. मिरवणुकीपेक्षा मला तो मधला काळ महत्त्वाचा वाटतो. रोज लिहायचे, आणि आजूबाजूला सगळे आक्षेप घेणारे.

आता इथले, आजचे. इथल्या विद्यापीठात पीएच.डी. करणारा एक मराठी मुलगा मागे आमच्याकडे जेवायला आला होता. शिष्यवृत्तीची चार वर्षे संपत आलेली, पुढच्या नोकरीचे ठिकाण नक्की नाही, आणि पहिला पेपर पाठवायचा होता. त्याने त्या रकान्याबद्दल विचारले. "काका, तीन नावं सरांनी दिलीत. चौथं मी घालायचं आहे. ह्या विषयातला सगळ्यात मोठा माणूस माझ्या पद्धतीच्या विरोधात लिहीत आलाय. त्याचं नाव घालू का?"

"तो माणूस म्हणून कसा आहे?" मी विचारले.

"परखड आहे. पण खोटं लिहीत नाही. त्याने एकदा आमच्याच लॅबची चूक काढली होती आणि ती खरी निघाली."

माझी बायको वाढता वाढता म्हणाली, "अहो, त्याला घाबरवू नका. त्याची नोकरी जायची." तिचे म्हणणे खोटे नव्हते. सहा महिने पेपर अडकला तर ह्या मुलाला पास मिळणार नाही, पास नाही तर देश सोडावा लागेल. माझ्यासारख्या स्थिरावलेल्या माणसाने दुसऱ्याच्या जिवावर तत्त्वे सांगणे फार स्वस्त पडते. मी त्याला एवढेच विचारले, की हा माणूस तुझ्या पेपरात कोणती हरकत घेईल, हे तुला आत्ता सांगता येईल का? त्याने क्षणभर विचार केला आणि नीट, मुद्देसूद सांगितली. दोन हरकती. एकीला त्याच्याकडे उत्तर होते, दुसरीला नव्हते.

जेवण झाल्यावर त्याने पिशवीतून लॅपटॉप काढला आणि आमच्या टेबलावर बसून दुसऱ्या हरकतीवर एक परिच्छेद लिहिला, आपल्या पद्धतीची मर्यादा कुठे येते ते सरळ सांगणारा. सरांना तो आवडला नाही, असे नंतर कळले. त्याने पेपर दुबळा दिसतो म्हणाले. परिच्छेद तरी राहिला. चौथे नावही त्याने घातले.

पेपर जाऊन आता अकरा आठवडे झाले. अजून उत्तर नाही.